एका गाडीच्या गॅरेजमध्ये किट कार बांधता येते का?

वळणवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आम्ही इंग्लंडात डर्बीजवळ राहतो. घर १९७० च्या दशकातलं, आणि त्याला चिकटून एका गाडीचं गॅरेज. आतून रुंदी २.४ मीटर, लांबी ४.८ मीटर. आजकालची कुठलीही गाडी आत घातली तर दार उघडून बाहेर पडता येत नाही. त्यामुळे गल्लीतल्या बाकीच्यांसारखी आमचीही गाडी बाहेर आणि आत संसाराचा गाळ: चेस्ट फ्रीझर, सूटकेसेस, सायकली, रंगाचे अर्धवट डबे, गवत कापायचं मशीन. मागच्या भिंतीवर गॅस बॉयलर.

डोक्यात खूळ आहे ते असं. लोटस सेव्हनच्या वळणाची गाडी. दोन सीट, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, छप्पर नावापुरतं. जुनी माझदा एमएक्स-५ घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा डबा), ब्रेक आणि स्टिअरिंग काढायचं आणि किटवाल्याकडून नवी चॅसी आणि बॉडी आणून त्यात बसवायचं. पाना धरता येतो, भारतात असताना स्कूटर आणि मोटरसायकल पूर्ण उघडून जोडलेली आहे. वेल्डिंग येत नाही.

प्रश्न एवढाच की ह्या जागेत हे जमेल का? घरातून उत्तर आलंय, "आधी फ्रीझर हलवून दाखव." ज्यांनी असं काही केलंय त्यांनी लिहा. ज्यांनी नाही केलं तेही लिहितीलच.

निवांत
फ्रीझर हलणार नाही. धागा संपला. :)

स्वल्पविराम
अडाणी प्रश्न. किट कार म्हणजे नक्की काय? खेळण्यातल्या मेकॅनोसारखं खोक्यात येतं का सगळं?

दहानंबरी पाना
@स्वल्पविराम, दोन्ही प्रकार असतात. कॅटरहॅमसारखी कंपनी सगळे नवे भाग खोक्यांत भरून देते. त्याला पैसे भरपूर लागतात आणि काम तुलनेनं कमी. दुसरा प्रकार धागाकर्ते म्हणतायत तो. एका जुन्या गाडीचे अवयव काढून नव्या सांगाड्यात घालायचे. त्या बिचाऱ्या गाडीला डोनर म्हणतात.

@वळणवाट, कव्हेंट्रीत हाच उद्योग करून बसलोय. माझं गॅरेज तुमच्यापेक्षा हातभर लांब, रुंदी तेवढीच. तर सरळ उत्तर: गाडी मावते. मावत नाही ती दुसरी गाडी.

हिशोब बघा. सेव्हन धर्तीची गाडी साधारण ३.१ ते ३.४ मीटर लांब आणि १.६ च्या आसपास रुंद. तुमच्याकडे रुंदीत ८० सेंटिमीटर उरतात. मधोमध ठेवलीत तर दोन्हीकडे ४० सेंटिमीटरची बोळ, आणि त्यात वाकून पाना फिरवता येत नाही. म्हणून मधोमध ठेवायचीच नाही. जाड प्लायचे दोन पाट करून खाली लॉक होणारी कॅस्टर चाकं लावा, चॅसी त्यावर ठेवा. एका भिंतीला चिकटवली की दुसरीकडे पाऊण मीटर मोकळं मिळतं. तिकडचं काम झालं की ढकलून दुसऱ्या भिंतीला.

खरी गोची डोनरची. उभी एमएक्स-५ जेवढी जागा खाते त्याच्या तिप्पट जागा तीच गाडी सुटी केल्यावर खाते. दारं, बॉनेट, डॅशबोर्ड, सीट्स, गालिचे, काचा. ह्यातलं तुम्हाला काही नको असतं, पण फेकवत नाही कारण विकलं तर पैसे येतात. त्यात किटवाल्याचा ट्रक आला की झालं. माझ्या ओळखीतल्या ज्या लोकांनी अर्ध्यावर सोडलं, त्यांच्यातल्या कुणालाही इंजिन नडलं नाही. सगळ्यांना पसारा नडला. स्क्रू शोधायला अर्धा तास लागायला लागला की माणूस गॅरेजचं दार उघडेनासा होतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. डोनर ड्राइववेवर उभी करून उन्हाळ्यात सोला. नको ते विका. उरलेला पत्र्याचा सांगाडा भंगारात जाऊ द्या. लागणारे भाग धुऊन, रंगवून, डब्यांत नावं घालून शेल्फवर चढवा. आणि मग चॅसी मागवा. बहुतेक जण उलट करतात, कारण चॅसी समोर असली की उत्साह येतो. तो उत्साह पुढे पायात येतो.

मिशिगनकर
अहो ४.८ मीटर म्हणजे आमच्याकडे बागेतली शेड. मी डेट्रॉइटजवळ तीन गाड्यांच्या गॅरेजमध्ये फॅक्टरी फाइव्ह कंपनीच्या किटची कोब्रासारखी रोडस्टर बांधतोय आणि मला जागा पुरत नाही!

निवांत
@मिशिगनकर, ह्या वाक्यावर इंग्लंडातल्या सगळ्या सदस्यांतर्फे निषेध.

मिशिगनकर
हलके घ्या हो. सांगायचं वेगळंच होतं. आमच्या किटची फायबरग्लासची बॉडी एका तुकड्यात येते आणि शेवटी बसते. तोपर्यंत ती ठेवायची कुठे, हा इथल्या प्रत्येकाचा प्रश्न. काही जण लाकडाची चाकं लावलेली घोडी करून तिच्यावर बॉडी चढवतात आणि खाली चॅसी सरकवतात. काही जण छताला टांगतात. जागा जमिनीवर नसेल तर वर बघा, एवढंच.

कोल्हापुरी ठसका
छताचं निघालंच आहे म्हणून. शिरोली एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. इंजिन बसवायला क्रेन कशाला भाड्यानं आणताय? वरच्या तुळईला चेनकप्पी लावायची, इंजिन उचलायचं, चॅसी खालून सरकवायची, इंजिन सोडायचं. चहा थंड व्हायच्या आत काम. जागाही शून्य लागते.

दहानंबरी पाना
@ठसका, तुमच्याकडे वर आय-बीम असतो दादा. इथल्या गॅरेजच्या छतात बारीक लाकडी पट्ट्यांच्या कैच्या असतात, कौलांचं वजन पेलण्यापुरत्या. एमएक्स-५ चं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून दीडशे किलोच्या वर जातं. वळणवाट, काहीही झालं तरी छताला इंजिन टांगू नका. हायड्रॉलिक क्रेन घ्या. घडी होणारी मिळते, काम झाल्यावर कोपऱ्यात उभी राहते आणि नंतर घेतलेल्या किमतीच्या आसपास विकताही येते.

कोल्हापुरी ठसका
मान्य. आमच्याकडं घर पडलं तरी गर्डर पडत नाही. :))

सुमेधा लेस्टर
मी स्वतः बांधली आहे. नवऱ्यानं नाही, मी. हे आधीच लिहिते, कारण प्रत्येक शोमध्ये लोक माझ्याशी बोलताना त्याच्याकडे बघून बोलतात आणि त्याला डिपस्टिक दाखवली तरी ओळखू येत नाही.

पाना यांनी क्रम सांगितला तो बरोबरच आहे. मी दोन गोष्टी घालते.

पहिली बॉयलरची, आणि ती गमतीची नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि वास यायच्या आधी कोपऱ्यापर्यंत गेलेली असते. गॅरेजमध्ये बॉयलर आहे आणि फ्रीझर आहे, म्हणजे आपोआप पेटणारी ज्योत एक आणि ठिणगी टाकणारा स्विच एक. डोनरची टाकी बाहेर, मोकळ्या हवेत रिकामी करायची. पेट्रोलच्या नळ्या, फिल्टर, टाकी, ह्यातलं काहीही वाळून वास जाईपर्यंत आत आणायचं नाही. गाडी तयार झाल्यावर पहिलं पेट्रोलही बाहेर ढकलून नेऊनच भरायचं. घराचा विमा असेल तर गॅरेजमध्ये काय करणार आहात ते त्यांना एकदा विचारून ठेवा.

दुसरी गॅरेजच्या दाराची. तुमचं दार वर उचलून छताखाली आडवं सरकणारं आहे का? असणारच, त्या काळच्या घरांना तेच असतं. मग उघडं दार पुढच्या अर्ध्या गॅरेजची उंची खातं. क्रेनचा दांडा इंजिनसकट वर गेला की नेमका त्या दाराला लागतो. शिवाय ३.२ मीटरची चॅसी आणि तिच्या पुढे क्रेनचे पाय, बेरीज ४.८ मध्ये बसत नाही. म्हणून चॅसी पहिल्या दिवशी आत घेतानाच तिचं नाक दाराकडे ठेवा. इंजिनच्या दिवशी पुढचा भाग बाहेर ओढायचा, क्रेन ड्राइववेवर.

आमचा ड्राइववे रस्त्याकडे उतरता आहे. क्रेनची चाकं सुपारीएवढी, दगडी फरशीच्या फटीत अडकतात आणि सुटली की उताराला लागतात. दोन प्लायचे तक्ते टाकले, पाचरी मारल्या. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच घालावं लागतं आणि तिरकं घालावं लागतं, गिअरबॉक्सची शेपूट खाली, दोन सीटांमधल्या बोगद्यात शिरणारी. त्यासाठी क्रेनच्या हुकाला लेव्हलर लावतात, म्हणजे हँडल असलेला आडवा बार. हँडल फिरवलं की इंजिनाचा तोल पुढे-मागे होतो. एक जण क्रेनच्या व्हॉल्व्हवर, एक हँडलवर, आणि मी चॅसीत आडवी होऊन टॉर्च घेऊन शेपटीकडे बघतेय. "थोडं खाली. थांब. पुढचं वर. थांब थांब." शेवटच्या दोन इंचांना बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण एका बाजूचं माउंट भोकासमोर आलं की दुसऱ्या बाजूचं सरकतं. चॅसीच्या नळ्यांना जुन्या रजया गुंडाळल्या होत्या म्हणून पावडर कोटिंग वाचलं. आणि हो, पाऊस आला. तो येणारच. वर ताडपत्री धरायला शेजारचे आजोबा आले आणि त्यांनी त्यांच्या काळातल्या ट्रायम्फची अख्खी हकिकत सांगितली.

मेघना रेडिंग
सुमेधा ताई, साष्टांग! फोटो टाका ना.

स्वल्पविराम
पण एमएक्स-५ च का? चांगली चालती गाडी मोडायची हे काही पटत नाही.

दहानंबरी पाना
चांगली मोडायची नसतेच. पहिल्या पिढीची एमएक्स-५ १९८९ ची. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. सेव्हनला जे हवं ते सगळं तयार. आणि ह्या गाड्या इथे हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालून दारांखालच्या सिलमध्ये आणि मागच्या चाकांच्या कमानीत कुजतात. पत्रा गेला की एमओटी, म्हणजे इथली वार्षिक तपासणी, पास होत नाही, दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा महाग, म्हणून मालक कंटाळून विकतो. इंजिन मात्र ठणठणीत. वरून मेलेली, आतून जिवंत, अशी गाडी शोधायची. पूर्वी हाच मान फोर्ड एस्कॉर्टचा होता, मग सिएराचा. त्या आता मोडायला परवडत नाहीत.

जागा फारच कमी असेल तर एक्सोसेट नावाचं किट बघा. त्यात एमएक्स-५ ची बॉडी उचलून बाजूला करतात आणि खालचा सगळा सांगाडा, म्हणजे इंजिनपासून डिफरन्शियलपर्यंत, जसाच्या तसा ठेवून वर नळ्यांचा पिंजरा बसवतात. सुटे भाग खूप कमी पडतात.

वळणवाट
एक्सोसेट बघितली. कामाची वाटते, पण दिसायला... नको. मला सेव्हनचं ते लांब नाक हवंय.

पेठेतला
मला मुळात हे इंग्लंडातच एवढं का फोफावलं ते कळत नाही. गॅरेजं काडेपेटीएवढी, हवा ओली, आणि लोक रविवारी गाड्या बांधतायत.

दहानंबरी पाना
करामुळे! १९५७ साली कॉलिन चॅपमननं लोटस सेव्हन आणली तेव्हा तयार गाडीवर पर्चेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून गाडी सुटी विकायची आणि गिऱ्हाइकानं घरी जोडायची. जोडणीच्या सूचना दिल्या तर ती तयार गाडी धरली जाईल, म्हणून लोटसनं गाडी उघडायच्या सूचना दिल्या आणि त्या उलट्या क्रमानं वाचायच्या, असा किस्सा इथे प्रत्येक जण सांगतो. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. कर वाचवायचं कारण संपलं, तोवर सवय लागली होती.

पेठेतला
कर वाचवण्यासाठी एवढे कष्ट? हे लोक मूळचे पुण्याचे असावेत.

मेघना रेडिंग
मी जरा विरोधी सूर लावते. घरात लहान मुलं आहेत का? ह्या गाडीत एअरबॅग नाही, बाजूनं धडक बसली तर मध्ये पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि वजन जेमतेम ५००-६०० किलो. मोटरवेवर शेजारून ट्रक जाताना तुमचं डोकं जेमतेम त्याच्या चाकाच्या उंचीवर असतं. हौसेला मोल नाही हे ठीक, पण धाग्यात सगळे फ्रीझरच्या जागेबद्दल बोलतायत आणि ह्याबद्दल कुणी नाही.

सुमेधा लेस्टर
मुद्दा रास्त आहे, मेघना. मी मोटरवेवर नेत नाही आणि पावसात शक्यतो काढत नाही. मोटरसायकल चालवणाऱ्या माणसाला जे भान लागतं तेच इथे लागतं. रोलबार आणि हार्नेस चांगल्यातला घ्यायचा, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. पण "सुरक्षित आहे का" ह्याचं प्रामाणिक उत्तर, आधुनिक गाडीइतकी नाही, असंच आहे.

मेघना रेडिंग
हे असं स्पष्ट लिहिलेलं आवडलं. बाकी चालू द्या.

टॉर्कमास्तर
पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमची मुलं बाहा आणि सुप्राच्या स्पर्धांसाठी दरवर्षी नळ्यांची चॅसी वेल्ड करतात. त्यामुळे दोन शब्द.

वळणवाट, वेल्डिंग येत नाही तर तयार चॅसीच घ्या. इंग्लंडात एक इंची चौकोनी, सोळा गेजची नळी आणून चॅसी घरीच वेल्ड करायचीही परंपरा आहे, लोकॉस्ट म्हणतात त्या गाड्यांना. स्वस्त पडते हे खरं. पण त्यासाठी सपाट पाट लागतो, चॅसीएवढाच लांब-रुंद, आणि तो काम होईपर्यंत हलवायचा नाही. वेल्ड थंड होताना नळी ओढली जाते आणि चौकट पिळते. पाटाशिवाय केलेली चॅसी डोळ्यांना सरळ दिसते आणि चाकांचं अलाइनमेंट करायला गेलं की रडवते. तुमच्या गॅरेजमध्ये तो पाट ठेवला तर तुम्ही बाहेर उभं राहून वेल्डिंग करणार का?

आणि काहीही बांधायच्या आधी दाराची चौकट मोजा. आतली रुंदी नाही, चौकटीची. विद्यार्थ्यांनी एका वर्षी चाकांसकट गाडी उभी केली आणि ती वर्कशॉपच्या दारातून निघेना. एका बाजूची विशबोन सोडून, तिरकी करून बाहेर काढली. स्पर्धेची बस खाली हॉर्न मारत होती.

वळणवाट
मोजलं. चौकट सात फूट, म्हणजे २.१ मीटरला किंचित जास्त. १.६ ची गाडी निघायला हवी. धन्यवाद मास्तर, उगाच छातीत धस्स झालं होतं.

देवराष्ट्रेकर
आमच्या गावच्या दत्तात्रय लोहारांचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? सांगली जिल्हा, कडेगाव तालुका. लोहारकाम करणारा माणूस. भंगारातले भाग जोडून मुलासाठी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. साठ हजाराच्या आसपास खर्च. ना पाट, ना क्रेन, ना लेव्हलर. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी बघितला आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये दिलीही.

पेठेतला
यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे ना हे?

देवराष्ट्रेकर
तेच. जन्मगाव.

स्वल्पविराम
पण बदल्यात बोलेरो का? त्यांची जीप त्यांनाच राहू दिली असती की.

टॉर्कमास्तर
कारण ती रस्त्यावर चालवायला नियमात बसत नव्हती. महिंद्रांनी स्वतःच लिहिलं होतं की आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. नवीच गाडी बांधायची तर नियम १२६ खाली नमुना चाचणी, ती आमच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत. पण ती व्यवस्था कारखानदारांसाठी आहे, हजारो गाड्या काढणाऱ्यांसाठी. एका हौशी माणसानं बांधलेली एकच गाडी तपासून तिला नंबर द्यायचा, अशी खिडकी इंग्लंडात आहे आणि आपल्याकडे ती नाही. आमच्या मुलांच्या गाड्या ट्रॅकवर धावतात आणि ट्रकमधून परत येतात.

निवांत
आणि खिडकी असती तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोनर सोलायला बसलात की सेक्रेटरी नोटीस लावणार. "बी विंगच्या सभासदांनी इंजिन कॉमन जागेत सांडू नये."

वळणवाट
ती इंग्लंडातली खिडकी म्हणजे आयव्हीए ना? त्याबद्दल सांगा कुणीतरी, मला त्याचीच धास्ती आहे.

सुमेधा लेस्टर
हो. इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल. २००९ पासून आहे, त्याआधी एसव्हीए होती. सरकारी तपासनीस तुमची एकट्याची गाडी तासन् तास बघतो. ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर थोडी सूट. वळणावर स्टिअरिंग सैल सोडलं तर आपणहून मधे यायची वृत्ती दिसली पाहिजे. हलक्या गाडीत हे नेहमी छळतं, कास्टर अँगल (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) वाढवून ठेवा.

पण सगळ्यात मजेशीर म्हणजे चेंडू. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा गाडीच्या बाहेरच्या अंगाला जिथे जिथे टेकेल, तिथली कड किमान २.५ मिलिमीटर गोलाईची हवी. पादचाऱ्याला कापू नये म्हणून. सेव्हनच्या पुढच्या सस्पेन्शनचे सगळे नट-बोल्ट उघडे, म्हणजे प्रत्येकावर प्लॅस्टिकची टोपी. पत्र्याच्या प्रत्येक कडेला रबरी पट्टी. मी एक लाकडी चेंडू घेऊन आठवडाभर गाडीभोवती फिरत होते. मुलीनं विचारलं, आई गाडीला काय आंघोळ घालतेस का.

दहानंबरी पाना
आणि तपासणी झाली की घरी येऊन त्या टोप्या काढायच्या. :)

सुमेधा लेस्टर
मी नाही काढल्या. ज्यासाठी पास केलं ते काढून टाकायचं हे मला पटत नाही. उद्या कुणाला लागलं तर विमा कंपनीला काय सांगणार?

दहानंबरी पाना
दिसतात भयाण हो त्या. दुकानातल्या ट्रॉलीसारखी दिसते गाडी. पण ठीक आहे, विम्याचा मुद्दा खोडता येत नाही.

मिशिगनकर
आमच्याकडे राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्नियात वर्षाला ५०० च गाड्यांना जुन्या धुराच्या नियमांनी नोंदणी मिळते, लोक जानेवारीत रांगा लावतात. इथे मिशिगनात तेवढी कटकट नाही.

अवांतर आवडे
वायरिंगबद्दल कुणीच बोललं नाही. मी किट कार नाही, जुनी जीप केली आहे, पण वायरिंगनंच जीव घेतला होता.

सुमेधा लेस्टर
अरे हो. एमएक्स-५ चा वायरिंगचा जुडगा पुरा काढा, एकही तार कापू नका. प्रत्येक कनेक्टरला काढतानाच चिठ्ठी. मग हिवाळ्यात जेवणाच्या टेबलावर पसरायचा आणि एअरबॅग, रेडिओ, काचांच्या मोटरी, जे नको ते एकेक सोडवून बाहेर काढायचं. हे काम गॅरेजमध्ये करू नका, थंडीत जुन्या तारांचं प्लॅस्टिक कडक होतं आणि बोटंही. आमच्याकडे जेवण महिनाभर सोफ्यावर. त्याच सुमारास नाशिकहून सासू-सासरे आले. त्यांच्या खोलीत गाडीचं नाक, दोन सीट्स आणि मडगार्ड्स. सासूबाईंनी पहिल्याच रात्री नाकावर साडी वाळत घातली. म्हणाल्या, खोलीतल्या रेडिएटरच्या समोरच आहे, छान वाळतंय.

निवांत
हा प्रतिसाद धाग्याचा विजेता. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

कोल्हापुरी ठसका
गंजाचं काय? इंग्लंडात ओल फार म्हणे.

दहानंबरी पाना
फार. बिनरंगाचं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. ब्रेक डिस्कवर तर सकाळी बघवत नाही. गॅरेजमध्ये कपडे वाळवायचं मशीन असेल तर ते आधी हलवा, त्याची वाफ थेट चॅसीवर बसते. ब्रेकच्या नळ्या साध्या पोलादाच्या नकोत, तांबं-निकेलच्या घ्या. हातानं वळतात आणि गंजत नाहीत. जागोजागी क्लिपनं बांधा, लोंबती नळी आयव्हीएला चालत नाही. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो.

वळणवाट
सगळ्यांचे आभार. चार दिवस घरात दुसरा विषय नाही.

ठरलं ते असं. मे महिन्यात स्टोनलीला किट कारचा शो असतो, तिथे जाऊन तीन-चार किटवाल्यांच्या चॅसीत प्रत्यक्ष बसून बघणार. माझी उंची सहा फूट, त्यामुळे पायांना जागा मिळते का हा मलाच पडलेला नवा प्रश्न. डोनर त्यानंतर लगेच, आणि ती ड्राइववेवरच सोलायची. चॅसी सप्टेंबरच्या आधी दारात येऊ द्यायची नाही. इंजिन बाहेर, नाक दाराकडे. बॉयलरवाल्याला बोलावलंय, तो बॉयलर घरात हलवायचे किती घेतो बघू. मेघनाताईंचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला, त्यावर "मुलं बारा वर्षांची होईपर्यंत त्यात बसणार नाहीत" असा तह झाला आहे.

दहानंबरी पाना
छान. दोन कागदाच्या गोष्टी राहिल्या. डोनरचं लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागद, जिवापाड जपा. सांगाडा भंगारात देण्याआधी डीव्हीएलएचे (इथल्या वाहन नोंदणी खात्याचे) नियम वाचा, कारण नंतर गाडीला डोनरच्या वयाचा नंबर मिळणार की क्यू प्लेट (वय ठरवता न येणाऱ्या गाडीचा नंबर), हे कुठले मोठे भाग कुठून आले हे दाखवता येण्यावर ठरतं. आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, पावत्या ठेवा. हौशी माणसानं स्वतः बांधलीय हे आयव्हीएला अर्ज करतानाच सिद्ध करावं लागतं. फोटोत तुम्ही पण दिसा, नुसता पाना नको.

मेघना रेडिंग
बारा वर्षांचा तह लेखी घ्या म्हणावं वहिनींना.

सुमेधा लेस्टर
स्टोनलीला मी पण आहे, रविवारी. निळी गाडी, टोप्या असलेली. येऊन बसून बघा, सहा फुटांचा माणूस बसतो पण बूट अरुंद लागतात.

एक विचारायचं राहिलं. डोनर १.६ बघताय की १.८? पहिल्या पिढीत १.८ ला मागचं डिफरन्शियल मोठं आणि दणकट आहे, १.६ चं लहान. किटवाल्याला चॅसी मागवताना कुठलं आहे ते सांगावं लागतं, माउंट्स वेगळे येतात.

वळणवाट
१.६ च्याच जाहिराती बघत होतो, स्वस्त आहेत म्हणून. १.८ ला किती फरक पडेल? कुणाच्या नजरेत सिल कुजलेली १.८ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.